हिरव्या हॉप्सचा भाव

कडूबा एखाद्याचा माल नावाजायला लागला की समजावं, तो घेणार नाही. तीर्थपुरीच्या आजूबाजूच्या मोसंबीच्या बागांत तो माल घ्यायचा आणि मी त्याची दलाली करायचो, म्हणून सांगतो. फोड चोखून "वा, साखर हाय!" म्हणाला की लगेच पुढच्या बागेत. तोंड वाकडं करून "साल जाड, रस आंबूस" म्हणाला, की खांद्यावरचा रुमाल निघणार. मग रुमालाखाली मालकाचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. पाची बोटं दाबली म्हणजे सगळ्यात वरचा भाव, याच्यावर बोलणं न्हाई. ते दिसत नसे, पण मालकाच्या चेहऱ्यावरून मला कळे. तसा चेहरा क्वचितच पाहायला मिळाला.

धंद्यात या सवयीनं फायदा झाला, घरात तोटा. शिवशंकरनं शाळेत असताना बांधलेली पहिली कलमं सगळी जगली, तर बाप म्हणाला, "गाठी ढिल्या हायेत." पोरानं ते मनात धरलं. पुण्याला गेला, तो सणावारालाच दिसू लागला.

यंदा सप्टेंबरअखेरीस तो बर्फाच्या डब्यात दोन बाटल्या घेऊन आला. पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात तो बिअर बनवतो.

"घरात आणायची काय गरज व्हती?" गोपिकाबाई, त्याची आई, म्हणाली. पण ग्लास तिनंच घासून आणले.

"कडूबाला कडू पाजून राह्यला का रे?" मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

"प्यायची न्हाई आबा, चाखायची," शिवशंकर म्हणाला. हॉप्स म्हणजे वेलीवरची हिरवी फुलं. बिअरला कडवटपणा आणि वास त्यांचाच. सगळे वाळवलेली वापरतात. यानं हिमाचलातून ताजी तोडलेली विमानानं मागवली आणि ओली असतानाच भांड्यात टाकली. ती वर्षातून एकदाच मिळतात. "मालक म्हणतो, लई दगदग, बंद कर. आज फोन करून सांगायचंय, ओली ठेवायची का कायमची बंद. मला माझ्या जिभेचा भरवसा राह्यला न्हाई. तुमची पाहिजे."

कडूबानं आधी वाळलेल्या फुलांची घेतली. तोंडात घोळवली, पायरीखाली थुंकला. "वा! एक नंबर. हीच ठेवा."

मग ओल्या फुलांची. ही थुंकला नाही.

"गवत चावल्यावानी लागतंय," तो तोंड वाकडं करून म्हणाला. "मागून मोसंबीची साल येती. फेसात दम न्हाई. आणखी थोडी टाक, नीट कळलं न्हाई."

शिवशंकरनं ओतली, पण त्याचं लक्ष शब्दांवरच होतं. "बराबर हाय मालकाचं. बंद करायला सांगतो." फोन लावत तो अंगणात उतरला.

सौदा चालू असताना दलालानं मधे बोलायचं नसतं. मी गप्प बसलो. गोपिकाबाई बसली नाही.

"अहो, त्यो काय बाग विकायला आल्ता का? बोला की जल्दी!"

कडूबानं तोंड उघडलं. "ते... वास..." एवढंच आलं. आयुष्यभर जी वाट वापरली नाही, ती म्हातारपणी एकदम कुठून सापडणार? तो उठला, अंगणात गेला आणि खांद्यावरचा रुमाल काढून पोराच्या फोन धरलेल्या हातावर टाकला. स्वतःचा हात खाली घातला.

रुमालातून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. कडूबाचं तोंड अजून वाकडंच. पण शिवशंकरचा चेहरा मला ओळखीचा वाटला. बागमालकांचा तसा व्हायचा, क्वचित.

"खरंच, आबा?"

"फेस तेवढा सुधार. मंग त्यात बोलायचं काय?"

शिवशंकर रुमालाकडे वाकून मोठ्यानं म्हणाला, "सर, ओलीच ठेवू. बिलकुल बंद करायची न्हाई."

पलीकडून फोन ठेवला गेला, तरी रुमाल तसाच होता. भाव ठरला की हात सोडायचा असतो, हे कडूबाला कुणी शिकवायला नको.