एका गोळीत दोन माणसं

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर उलटा फिरवला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. "हा वाढायला नको होता."

मास्तर त्या आकड्याकडे बघत राहिला. शेजारच्या खुर्चीतली ताई पुढे सरकली. बसच्या सीटची कव्हरं शिवणारा कारखाना तिचा आणि मास्तर तिचा धाकटा भाऊ. तो तिथे कटिंग करायचा म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत, तीसुद्धा. त्याला एचआयव्ही आहे हे कळल्यापासून ती दर वेळी या खोलीत त्याच्यासोबत आली होती.

"गोळ्या तुमच्या, मशीन तुमचं, रिपोर्ट तुमचा," ती म्हणाली. "मग चूक आमची कशी?"

"चूक कोणाची ते मी अजून म्हटलंच नाही." डॉक्टर वयानं ताईच्या मुलीएवढ्या होत्या, पण आवाज दमलेला होता. "यांच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला होता. आता पुन्हा सापडतोय, आणि पेशी खाली यायला लागल्यात. मी एवढंच विचारतेय, गोळी रोज घेता?"

"रोज," मास्तर म्हणाला.

"मी साक्षीला आहे. बाटली वेळेवर संपते. औषधच बोगस निघालं असेल तर सांगून टाका."

"बाटली संपणं वेगळं आणि गोळी पोटात जाणं वेगळं."

ताईनं तोंड उघडलं, पण डॉक्टर थांबल्या नाहीत. "पहिल्यांदा आलात तेव्हाचं आठवतं? दोघांनी धरून आणलं होतं यांना. घोट गिळता येत नव्हता. त्यातून हे उठले ते कशानं? हा विषाणू अंगाची राखण करणाऱ्या पेशींमध्येच शिरतो, तिथेच वाढतो आणि त्यांनाच संपवतो. पूर्ण गोळी रोज पोटात गेली की त्याची वाढ थांबते. तो थांबला की पेशी भरून येतात. पण तो अंगातून जात नाही, दबून बसतो. गोळी कमी पडली की उठतो. आणि कमी गोळीत तगायची एकदा सवय झाली, की उद्या पूर्ण गोळीलाही दाद देत नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आणखी रक्त तपासायला पाठवते, ही गोळी अजून लागू पडते का ते बघायला. तोवर एकही चुकवायची नाही."

मास्तरनं मान हलवली. बाहेर आल्यावर ताई त्याला म्हणाली, "पोरगी आगाऊ आहे." तो काही बोलला नाही. एरवी तो डॉक्टरांची बाजू घ्यायचा, हे तिच्या लक्षात आलं आणि दिवसभर डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचं शटर वर गेलं तेव्हा ती पाण्याचा ग्लास घेऊन कटिंगच्या टेबलापाशी उभी होती. टेबलावर निळं रेक्झिन अंथरलं होतं, त्यावर खडूच्या रेघा, बाजूला स्टीलची पट्टी आणि पातं. मास्तर एका रोलमधून दुसऱ्या कोणापेक्षाही एक सीट जास्त काढायचा. पाठीचा तुकडा आडवा, बैठकीचा तिरका, कडेच्या चिंधीतून हाताची कव्हरं. बाहेरची गिऱ्हाइकं ते बघायला उभी राहत. ताई हे सगळ्यांना सांगायची, त्याला कधीच नाही.

"गोळी काढ."

"घेतो नंतर."

"आत्ता. माझ्यासमोर. आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखव."

"लहान आहे का मी?"

"लहान असतास तर नाक दाबून घातली असती. काढ."

शिलाईच्या मशीनवरच्या दोघी खाली मान घालून हसल्या. मास्तरनं खिशातून डबी काढली, गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला आणि तोंड उघडून दाखवलं. मग ग्लास ठेवताना हळूच म्हणाला, "आता तिला काय देऊ?"

"कोणाला?"

तो खडूच्या रेघेवरून बोट फिरवत राहिला. रेघ पुसली गेली.

ताईनं त्याला दंडाला धरून फोमच्या गोदामात नेलं आणि दार लोटलं. तिथे जे कळलं ते असं. मास्तरचा आजार निघाला तेव्हाच त्याच्या बायकोनं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका लॅबमध्ये तपासणी करून घेतली होती. तिलाही होता. हॉस्पिटलच्या एचआयव्ही केंद्रात मात्र त्यानं सांगितलं, की बायकोची तपासणी बाहेर झाली आणि काही निघालं नाही. पुढे ती ठणठणीतच होती. गेल्या वर्षी तिच्या पाठीवर नागीण उठली, तेव्हापासून तो रोज सकाळी स्टीलच्या पट्टीवर गोळी ठेवून पात्यानं मधोमध कापत होता. अर्धी त्याची, अर्धी तिची.

"तिला कुठून झाला?" ताईनं विचारलं.

"माझ्याकडून. आणखी कुठून होणार? माझं कळायच्या आधीच."

"आणि तू कापत बसलास."

"मी बरा झालो होतो, ताई. रोल उचलत होतो. बऱ्या माणसाचं अर्ध्यात भागेल असं वाटलं. एका तुकड्यात दोन बसवायचे, हाच तर माझा धंदा आहे."

"ते रेक्झिन आहे रे गाढवा. रेक्झिनला कोणी आतून खात नाही." तिचा आवाज दाराबाहेर गेला असणार, कारण बाहेरची मशीनं थांबली. "सगळी अक्कल कापडातच घातलीस का? दोघांचं अर्धं अर्धं केलंस म्हणजे दोघांनाही काहीच दिलं नाहीस. कालची ती पोरगी घसा फोडून तेच सांगत होती आणि मी तुझ्या बाजूनं तिच्याशी भांडत होते. माझं तोंड कुठे दाखवू मी?"

"मी तिला सांगत होतो केंद्रात चल म्हणून. ती ऐकेल तर ना."

"का नाही ऐकत?"

"ती तिथेच कामाला आहे, ताई."

हे ताईला माहीत होतंच. त्याची बायको हॉस्पिटलच्या शिवणखोलीत चादरी आणि पडदे शिवायची. पण ते आणि हे एकत्र ठेवून तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिला आठवलं, की दोन महिने भावजयीचा खोकला जात नाहीये, गालफडं बसलीत, आणि विचारलं तर ती म्हणते, डाएट करतेय. ताईनं त्यावर वजन कमी करायचा उपाय विचारून घेतला होता. ती चपला घालून निघाली. मास्तर मागून येऊ लागला तर म्हणाली, "तू इथेच मर. मधे पडलास तर बघ."

शिवणखोली तळमजल्यावर, धुलाईच्या शेजारी होती. गरम कपड्यांचा वास भिंतींना चिकटलेला. इतर बायका चहाला गेल्या होत्या. भावजय एकटीच मशीनवर होती. ताईला बघून ती उठली नाही. नवऱ्याचा फोन आलेला असणार.

"उठ," ताई म्हणाली. "वर चल."

"काम आहे."

"तुला ताप आहे. इथून दिसतोय."

"ताई, हळू बोला."

"का हळू बोलू? एक वर्ष तुम्ही दोघं हळूच बोलत होतात. काय झालं त्याचं?"

भावजयीनं मशीनखालची चादर ओढून तिच्यापुढे टाकली. कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके होते. "हे काय आहे माहितीय? वरच्या वॉर्डातल्या आमच्यासारख्यांच्या चादरी. वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून. चादरीनं काही होत नाही हे इथल्या झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे, तरी मेट्रनचा हुकूम. आणि हा लाल दोरा कोण घालतं? मी. चार वर्षं मीच घालतेय. बायका त्या चादरी चिमटीत धरतात. त्याच बायकांसोबत मी एका डब्यात जेवते. केंद्राच्या खिडकीत जी केसपेपर काढते ना, ती माझ्या डब्यातली भाजी उचलते. कोण आलं, कोणाची बायको, कोणाची सून, सगळं जेवताना सांगते. मी हसते. न हसून कसं चालेल?"

ताईनं चादर हातात घेतली. टाके अगदी सारखे होते, नेटके. तिचं काम कधीच कच्चं नसायचं.

"म्हणून तू त्याची गोळी खाल्लीस."

"त्यानं दिली."

"दिली म्हणून खाल्लीस. त्याचा रिपोर्ट बघितलास? तो खाली चाललाय. तू आधीच खाली आहेस. उद्या तू गेलीस तर या बायका एक दिवस जेवताना गप्प बसतील. दुसऱ्या दिवशी डबे उघडतील. त्यांच्यासाठी मरतेयस तू?"

"तुम्हाला सोपं आहे बोलायला. तुम्ही तिथे बसता ते त्याची बहीण म्हणून. तुमच्याकडे कोणी बघत नाही."

"बघतात. मी त्यांच्याकडे बघते, मग बंद होतात."

भावजय हसायला गेली आणि खोकला सुरू झाला. तो लवकर थांबेना. ती मशीनच्या चाकाला धरून वाकली. ताईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, ब्लाऊजवरूनही पाठ भाजत होती, मणके एकेक मोजता आले असते. खोकला थांबल्यावर भावजयीनं तोंड पुसलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रडण्याचं नव्हतं. संतापानं तिचा जबडा आवळला होता.

"मी तो दोरा घालणार नाही आता," ती म्हणाली. "मेट्रनला जे करायचं ते करू दे."

"ते उद्या बघू. आधी वर चल."

"येतेय ना. ढकलू नका."

ती कामाचा निळा एप्रन न काढताच निघाली. जिन्यात दोनदा थांबली. ताई एक पायरी मागे राहिली. तिला धरलं असतं तर ती चिडली असती.

केंद्राच्या बाहेरच्या बाकावर पाचसहा जण बसले होते. कोणी मोबाइलमध्ये, कोणी जमिनीकडे बघत. खिडकीतल्या केसपेपरवालीनं वर पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "अगं, तू इकडे कुठे? पडदे लावायला आलीस का? कधीचे मागतोय आम्ही."

"केसपेपर काढायचाय."

"कोणाचा?"

"माझा."

केसपेपरवालीचं पेन हवेतच राहिलं. तिनं बाकाकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, मग खिडकीच्या जाळीजवळ तोंड आणून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "नाव दुसरं टाकू का? कोणाला कळणार नाही. मी करते मॅनेज."

बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं मान वर केली.

"आवाज कशाला बारीक केलास?" भावजय म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज थरथरत होता, पण मोठा होता. "इतरांची नावं जेवताना चांगली मोठ्यानं सांगतेस. माझंही सांग आज. चार वर्षं एका डब्यात जेवतोय आपण, पाठ आहे ना तुला? तेच लिही. स्पेलिंग चुकवू नको, गोळ्या त्याच नावावर मिळणार आहेत."

केसपेपरवालीचा चेहरा पडला. ती लिहायला लागली. पहिला कागद तिनं चुरगळला, दुसरा घेतला. आतून डॉक्टर दारात आल्या होत्या. त्यांनी आधी एप्रन पाहिला, मग खोकणारी बाई, मग ताई, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांचेही ओठ रागानं मिटले.

"खोकला किती दिवस?"

"दोन महिने."

"आधी थुंकी तपासायची. टीबी असेल तर त्याची औषधं आधी सुरू होतील, या गोळ्या त्यानंतर लगेच. पूर्ण गोळ्या. स्वतःच्या." त्या ताईकडे वळल्या. "आणि त्यांनाही आणा. मला त्यांच्याशी बोलायचंय."

"माझं झाल्यावर तुम्ही बोला," ताई म्हणाली. "काही उरला तर."

खिडकीतून प्रश्न येत होते, आता नेहमीच्या आवाजात. वय, पत्ता, आधी कुठे उपचार. भावजय एकेकाचं उत्तर देत होती, जाळीला हात टेकून, दर उत्तरानंतर श्वास घेत.

"सोबत कोण आलंय?" केसपेपरवालीनं विचारलं.

"नणंद," भावजय म्हणाली. "तिला एक खुर्ची दे. मघापासून उभीच आहे भांडायला."