पहिल्याच पानाला अडलो नाही

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. मला मान नाही, नाहीतर ती खाली घालूनच हे सगळं सांगितलं असतं.

माझी उमेदीची वर्षं एका शाळेच्या कार्यालयात गेली. माझ्या पोटात एक रोलर आहे. तो तापतो आणि कागदावर पडलेली काळी पूड वितळवून पक्की चिकटवतो. मुख्याध्यापिकाबाई पान उजेडाकडे धरून म्हणायच्या, "अक्षर बघा, कसं मोत्यासारखं!" ते ऐकून मी फुशारून जायचो. कौतुकाची चटक लागली ती तिथेच. पुढे नवा प्रिंटर आला आणि मी कपाटामागे धूळ खात पडलो. तिथून मला शाळेची पुस्तकं बांधून देणारा बाइंडर घेऊन गेला.

बाइंडरचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खळीचं भांडं, दाबयंत्र, कातरणांचा ढीग आणि त्यात मी. त्याची लेक त्याच्याच हाताखाली तयार झाली होती. एका मोठ्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायला शिकवत, तिथे तिला जायचं होतं. दोन वर्षांतून एकदा, तेही एकालाच घेत. स्वतः छापून, शिवून, बांधलेलं एक छोटं पुस्तक शुक्रवारी चारच्या आत पोचवायचं, अशी अट होती.

बाइंडरने माळ्यावरून एक गठ्ठा काढला. जाड, खरबरीत हातकागद. लेकीच्या पहिल्या पुस्तकासाठी म्हणून त्याने तो बारा वर्षं जपला होता.

"बाबा, हा मशीनला झेपेल का?" लेकीने विचारलं.

"न झेपायला काय झालं? असा कागद आता बघायला मिळत नाही. आणि आपला गडीही जुन्या हाडाचा आहे!" असं म्हणून त्याने मला थोपटलं.

पहिलं पान आत आलं आणि मला कळून चुकलं. रोलरची सगळी ऊब तो जाड कागदच पिऊन टाकत होता. पूड नुसती वरच्या उंचवट्यांवर बसत होती. मित्रांनो, मला अडता आलं असतं. पान अडकवून लाल दिवा लावणं मला चांगलं जमतं. शाळेत तर कागदाचा कोपरा दुमडला तरी मी अडून बसायचो. पण बाइंडर कौतुकाने बघत होता, आणि मी पानं ओढत राहिलो.

शुक्रवारी सकाळी लेक पानांच्या घड्या घोटायला बसली, तर अक्षरं अंगठ्याला लागून आली. बाइंडरने माझ्या झाकणावर सणसणीत थाप मारली. "ऐन वेळी दगा दिलास रे!" त्याने नवी पूड आणली, मला आतून पुसलं आणि पुन्हा छापलं. पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. ज्याचं आयुष्य कागदात गेलं, त्याला कागदाचाच संशय येईना. गठ्ठा संपला तेव्हा कुठे मेकॅनिकला बोलावणं गेलं.

मेकॅनिकने साधा कागद घातला, एक पान छापलं आणि अंगठ्याने खसाखसा घासलं. अक्षर जागचं हललं नाही.

"काका, मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "याला पातळ, गुळगुळीत कागद लागतो. तुमचा कागद भारी आहे हो, पण याच्या कामाचा नाही."

लेकीने साध्या कागदावर नव्याने सुरुवात केली. छापून दहा मिनिटांत झालं, पण शिवण आणि खळ कुणाची घाई ऐकत नाहीत. चार वाजले तेव्हा पुस्तक दाबयंत्रात ओलंच होतं.

"असू दे बाबा, दोन वर्षांनी बघू," ती म्हणाली आणि तोंड धुवायला आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, प्रिंटरमध्ये कागद घालण्याआधी तो हातात घेऊन बघा. एकच पान छापा, घासून बघा, मगच पुढची छापा. आणि एखादं काम तुम्हाला झेपत नसेल, तर ते पहिल्याच पानाला सांगून टाका. लोक रागावतील. रागावू देत.

लेक आत गेल्यावर बाइंडर माझ्यापाशी आला. त्याने माझ्या झाकणावरून हलकेच हात फिरवला.

"उगाच बोललो तुला," तो म्हणाला. "तुझा बिचाऱ्याचा काय दोष?"

ती माफी मी मुकाट्याने घेतली.