दोनदा भेटलेला शब्द

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मास्तर एका शर्टाची कॉलर उलटवत होते. बाई गेल्या, असं नर्सने सांगितलं. मास्तर "बरं" म्हणाले. मग त्यांनी कॉलर पुरी केली, टोकं सुईने बाहेर काढली, इस्त्री फिरवली आणि दुकानाचं शटर ओढलं. पुढे लोक म्हणाले, माणूस दगडाचा आहे. मास्तरांना त्याचंही काही वाटलं नाही.

नवरा शिंपी म्हणून मास्तर, बायको शाळेच्या ऑफिसात कारकून म्हणून बाई. कामापुरतं इंग्रजी दोघांना येत होतं, पण बाईंचं तेवढ्यावर भागेना. "मोठ्या बाई नोटिशीत असे शब्द घालतात, की शाबासकी आहे की शिवी तेच कळत नाही," असं म्हणत त्यांनी रद्दीवाल्याकडून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली. रोज जेवणानंतर त्या मोठ्याने वाचत आणि मास्तर काजं करत ऐकत. नियम बाईंचाच. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची, समासात दोघांचे अंदाज लिहायचे आणि तो शब्द तिसऱ्यांदा भेटेपर्यंत डिक्शनरी उघडायची नाही.

"तीनदा भेटल्याशिवाय माणूस तरी कळतो का?" त्या म्हणत.

'अनसीमली' दोनदा भेटला. मास्तर म्हणाले, "सोपं आहे. सीम म्हणजे शिवण. ज्याला शिवण नाही ते."

"तुमचं सगळं जग कापडाचं. अहो, इथे पाहुणा सगळ्यांसमोर खदाखदा हसलाय. ते हसणं बिनशिवणीचं?"

"मग तू सांग."

"न दिसणारं. सी म्हणजे बघणं."

"आणि हसणं दिसत नाही होय?"

पैज लागली. हरेल त्याने महिनाभर आधी उठून चहा करायचा. आठवड्याने बाईंच्या पोटात दुखायला लागलं.

त्या गेल्यावर मुलगी राहायला आली. बाबा ओळीखाली बोट धरून वाचताहेत, दिवसाला दोन पानं, हे तिने चार दिवस पाहिलं.

"बाबा, कशाला एवढा खटाटोप? फोनवर अर्ध्या मिनिटात कळेल. आईनेही गुपचूप बघितलं असेल."

"नाही बघितलं."

"तुम्हाला काय माहीत?"

"डिक्शनरी माझ्या मशीनच्या खणात असते. किल्ली माझ्याकडे."

मुलीला हसू आलं. "तसा मला माहीत आहे अर्थ. तुमचं दोघांचंही—"

मास्तरांनी हात वर केला. ती ओशाळली.

पण 'दोघांचंही' कानावर पडून गेलं होतं. आपण दोघंही चुकलो, एवढं मास्तरांना कळलं. आता यावर हसायचं की वाईट वाटून घ्यायचं, ते त्यांना सुचेना. दोन्हींपैकी काहीच आलं नाही. त्यांनी पान उलटलं.

मुलगी परत गेली. मास्तर आता स्वतःच मोठ्याने वाचतात, कारण ऐकल्याशिवाय त्यांना शब्द लागत नाही. वाचताना हात मोकळे राहत नाहीत, म्हणून काजं दुपारी उरकतात. नव्या शब्दांपुढे ते आपला एक अंदाज लिहितात आणि दुसऱ्याची जागा सोडून देतात.

कादंबरीची एकशे चाळीस पानं वाचायची राहिली आहेत. अनसीमली अजून तिसऱ्यांदा आलेला नाही.