मागे जाण्यास परवानगी मिळणेबाबत

विषय : कान तपासणी विभागातील लॅपटॉपवर पूर्वीची प्रणाली पुन्हा बसवून मिळणेबाबत.
संदर्भ : विभागाचा मूळ अर्ज, त्याची स्मरणपत्रे, आणि त्या स्मरणपत्रांची आठवण करून देणारे पत्र.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, वर उल्लेखिलेला लॅपटॉप म्हणजे मीच. माझ्यावरून इतका कागद काळा झाला, पण माझं म्हणणं काय ते कोणी मागवलं नाही. तेव्हा ते न मागवताच सादर करतो.

तुम्ही विचाराल, तुझं पोट तर पुसून कोरं झालं, मग तुला आठवतं कसं? एखाद्या जुन्या कारकुनाला विचारून पाहा. जी फाइल गहाळ झाली, तीच त्याला शब्दन् शब्द पाठ असते.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट ठाऊक नाही. खोक्यात घातलं तेव्हा मी झोपेत होतो. या रुग्णालयात आलो आणि भांडारात पडून राहिलो, कारण मला कोणत्या विभागाच्या नावावर चढवायचं याचा निर्णय होत नव्हता. माझी हमीची मुदत मी खोक्यातच पूर्ण केली. बाहेर आलो तोवर माझ्यापेक्षा चकचकीत भावंडं आली होती, ती साहेबलोकांनी घेतली. मी कानवाल्या बाईंच्या वाट्याला आलो.

कानवाल्या बाई म्हणजे ऐकू कमी येणाऱ्यांचे कान तपासणाऱ्या आणि त्यांच्या कानातली यंत्रं जुळवून देणाऱ्या बाई. त्यांची खोली जिन्याखाली. जिथे टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता हवी, ती खोली जिन्याखाली आणि डोक्यावर दिवसभर चपलांची फटफट. बाईंनी स्वतःच्या हाताने भिंतींना जाड फोम चिकटवून घेतला होता.

माझं काम सोपं होतं. माझ्या एका भोकात एक डबी जोडायची, डबीला रुग्णाचं यंत्र जोडायचं, आणि कोणता आवाज किती चढवायचा, कोणता उतरवायचा, ते माझ्यातल्या कार्यक्रमातून ठरवायचं. म्हातारे येत. त्यांना सुनेचा आवाज कमी आणि टीव्हीचा जास्त हवा असे. तसली सोय माझ्यात नव्हती. बाकी माझ्याबद्दल तक्रार नव्हती.

मुंगी त्या खोलीत पहिल्यांदा आली ती बापाच्या कडेवरून. नाव वेगळं असेल, पण बाप तिला मुंगी म्हणायचा आणि मग आम्हीही. बाप रस्त्याच्या कडेला बसून किल्ल्या बनवायचा. कंबरेला हा मोठा जुडगा. पोरीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बाईंनी तिच्या कानात यंत्र बसवलं, माझ्यावर बोटं चालवली आणि बापाला म्हणाल्या, "मागून काहीतरी वाजवा."

किल्लीवाल्याने तिच्या पाठीमागे जुडगा हलवला. मुंगी वळली. नुसती वळली नाही, रागावून बघायला लागली, जणू इतके दिवस हे आपल्यापासून लपवून ठेवलं होतं. बाप तोंड फिरवून बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

पुढे ती बोलायला लागली. पहिला शब्द 'खुळ'. किल्ल्यांचा खुळखुळाट म्हणजे खुळ, आणि बापही खुळ.

"बघा ना बाई, बापाला काय म्हणते."

"बरोबर ओळखलंय की तिने," बाई म्हणाल्या.

पण मूल वाढतं, कान वाढतो, यंत्र वाढत नाही. म्हणून अशा पोरांचं यंत्र पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. ते नाही केलं तर आवाज कानाला बोचतो, पोर यंत्र काढून फेकतं, आणि शिकलेले शब्द एकेक करून परत जातात. बोलायला शिकण्याचं वय काही कोणासाठी थांबून राहत नाही. हे सगळं बाई किल्लीवाल्याला समजावत होत्या तेव्हा मीही ऐकलं.

मग परिपत्रक आलं. सर्व संगणक तात्काळ अद्ययावत करावेत. एके दिवशी माणसं आली, त्यांनी माझ्यातली जुनी प्रणाली काढून नवी घातली आणि निघून गेली. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घालावा तसा मी त्यात बुडालो. त्याचंही काही नाही. पण बाईंनी कान जुळवायचा कार्यक्रम उघडला, तर त्याने चालायला साफ नकार दिला. तो जुन्या घरचा, नव्या घरात त्याची ओळख कोणाला नव्हती, आणि ज्यांनी तो बनवला होता त्या मंडळींनी केव्हाच दुसरा धंदा धरला होता. इकडे रुग्णालयाने वर कळवून टाकलं : शंभर टक्के संगणक अद्ययावत.

उपाय एकच होता. मला पुन्हा जुनी प्रणाली घालायची. बाई अर्ज घेऊन हेडक्लार्ककडे गेल्या. काखेत मलाही नेलं, पुरावा म्हणून. या हेडक्लार्कला सगळे बटणराव म्हणत. संध्याकाळी कचेरी सुटली की प्रत्येक दिवा, प्रत्येक पंखा स्वतःच्या हाताने बंद केल्याशिवाय त्यांचं पाऊल घराकडे वळत नसे. वीजबचतीचं प्रशस्तिपत्र त्यांच्या डोक्यावर टांगलेलं होतं.

"बाई, पुढे जायचा नमुना आहे," ते म्हणाले. "मागे जायचा नमुना नाही."

"मग त्याच नमुन्यावर खाडाखोड करून देते."

"खाडाखोड चालत नाही. आणि तुम्ही मागे गेलात तर आमचे शंभर टक्के कुठे राहतात?"

"एक लहान मूल अडलंय हो."

"मूल काय, वाढतंच. अर्ज ठेवून जा. बघू."

कचेरीत 'बघू' म्हणणारा माणूस तेवढ्यापुरते डोळे मिटून घेतो, एवढं मला त्या टेबलावर कळलं.

अर्ज फिरत राहिला. मुंगीला आवाज बोचायला लागले. ती यंत्र काढून बापाच्या किल्ल्यांच्या डब्यात टाकायची. बाप शोधून पुन्हा कानात घालायचा, ती पुन्हा काढायची. खासगीकडे जाणं किल्ल्या घासणाऱ्याला झेपणारं नव्हतं, म्हणून तो दर खेपेला जिन्याखाली येऊन बसायचा. "होईल," बाई म्हणायच्या. कितीही खरं बोलणारं माणूस असो, त्याला हा शब्द वापरावा लागतोच.

शेवटी परवानगी आली. एकदाच, आणि नेमून दिलेल्या दिवसापुरती.

आता अडचण अशी, की माझ्यात बाहेरून काही घालायला वाटच नव्हती. तबकडीचा कप्पा अडकलेला. बाकीची भोकं विषाणू शिरू नयेत म्हणून कचेरीने लाख लावून मोहोरबंद केलेली; डबीपुरतं एक उघडं, त्यात दुसरं काही घालू नये असा लेखी आदेश. उरलं जाळ्याच्या, म्हणजे नेटवर्कच्या, वायरीचं भोक. त्यावर बंदी नव्हती, कारण ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. या कामासाठी बाहेरून बोलावलेला संगणकवाला म्हणाला, "या वायरीतूनच घालू. अभिलेख कक्षातल्या मशीनवर जुनी प्रणाली ठेवतो, हा तिथून ओढून घेईल." रुग्णांच्या नोंदीही त्याने आधी त्याच मशीनवर नेऊन ठेवल्या. माणूस नीटनेटका होता. फक्त फाटकावर त्याचा प्रवेशपास तयार नव्हता, म्हणून सकाळचा माणूस माझ्यापाशी पोचला दुपारी.

त्याने मला सुरू केलं. डोळे उघडताच, अजून काही आठवत नसताना, मी वायरीत हाक मारली : कोणी आहे का, मी कोण ते सांगाल का? पलीकडून अभिलेख कक्षातल्या मशीनने उत्तर दिलं. मला एक पत्ता दिला. मग आधी एक छोटासा तुकडा आला, त्याने माझ्यातलं होतं नव्हतं सगळं पुसलं, आणि मग जुनी प्रणाली घास घास करून येऊ लागली. वायर जुनी, घास बारीक. पडद्यावरची पट्टी सरकताना दिसत नव्हती, पण सरकत होती. संगणकवाल्याला दुसरीकडचं बोलावणं होतं. "आता कशाला हात लावू नका, आपोआप होईल," असं बजावून तो गेला.

बाईंनी मोठ्या अक्षरांत कागद लिहिला, 'काम चालू आहे, बंद करू नये', आणि खोलीच्या बटणांवर चिकटवला. बाकावर मुंगी, शेजारी किल्लीवाला. यंत्र त्याच्या खिशात, तयार.

कचेरी सुटली. बटणराव फेरीला निघाले. आमच्या दाराशी आले, कागद पूर्ण वाचला आणि बटणाला हात न लावता पुढे गेले. खोटं कशाला बोलू, नियमाचा माणूस. पण माझी वायर जिच्यातून जायची ती जाळ्याची पेटी बाहेर बोळात भिंतीवर, लुकलुकत होती. तिच्यावर कागद नव्हता. त्यांनी ती बंद केली. अभिलेख कक्षातलं मशीन बंद केलं, कक्षाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि घरी गेले.

माझा घास तोंडातच राहिला. पट्टी थांबली. बाईंना वाटलं, विचार करतोय. शेवटी त्या बोळात गेल्या, पेटी अंधारी दिसली, पेटवली. मी पुन्हा हाक मारली. कोणी आहे का? कोणी नव्हतं. बाईंनी संगणकवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "पलीकडचं मशीन चालू करा आणि पहिल्यापासून लावा, दुसरं काही नाही. मी सांगतो तसं करा." पण मशीन कुलपाआड. बटणरावांचा फोन लागेना. घरी पोचल्यावर तेही स्वतःला बंद करत असावेत.

किल्लीवाला उठून कुलूप बघून आला.

"बाई, हे साधं कुलूप आहे. चहा निवायच्या आत उघडतो. ओरखडासुद्धा पडणार नाही."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे.

"सरकारी कुलूप आहे ते."

"म्हणून काय झालं? दुसऱ्या लोखंडाचं असतं का?"

"नको. माझी नोकरी आहे, तुझ्यावर बालंट येईल. उद्या सकाळी पहिलं काम हेच करू."

"उद्या म्हणजे खरा उद्या, का सरकारी उद्या?"

बाईंनी मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझं झाकण लावलं. माझा बटणरावांवर राग नाही. बटण दाबणं हा त्यांचा धर्म. पण या बाईंनी स्वतःच्या हातांनी भिंतीला फोम चिकटवला होता, विनापरवाना. त्या दिवशी त्यांना नुसती मान डोलवता आली असती.

सकाळी परवानगीचा दिवस उलटलेला होता. बाई नव्या परवानगीसाठी गेल्या, तर त्यांच्याच हातात ज्ञापन ठेवण्यात आलं : चालू स्थितीतील सरकारी लॅपटॉप निरुपयोगी केल्याबद्दल खुलासा सादर करावा. संगणकवाल्याला फाटकावरच थांबवलं. चौकशीला समिती नेमली. कचेरीतली सगळी बटणं ज्यांना तोंडपाठ आहेत असा जाणकार सदस्य हवा, म्हणून समितीवर बटणराव. त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं की, कागद लावलेलं कोणतंही बटण बंद करण्यात आलेलं नाही.

वायर धड आहे. पलीकडच्या मशीनवर जुनी प्रणाली तशीच आहे, मुंगीच्या कानाची नोंदही. एका दुपारचं काम. पण मी आता पुरावा आहे, आणि पुराव्याला हात लावता येत नाही. मला कचेरीतल्या कपाटात ठेवून वर मोहोर केली आहे. यादीत मी अजूनही अद्ययावत आहे.

किल्लीवाला येतो. परवा आला तेव्हा मुंगी बरोबर होती. उंची वाढली असावी. दोन पावलांच्या आवाजांतलं अंतर वाढलं आहे. कपाटासमोरच्या बाकावर बसून बाप तिच्याशी बोलत होता, मग बोलायचा थांबला. हल्ली ती हातवारे करते, असं बाई कोणाला तरी सांगत होत्या. 'खुळ' मी बऱ्याच काळात ऐकलेलं नाही.

जाताना तिच्या पाठीमागे त्याने जुडगा वाजवला. एकदा. मग जोरात. शिपाई म्हणाला, "अहो, कचेरी आहे ही, आवाज नको." कपाटात मला तो स्वच्छ ऐकू आला. तिची पावलं न थांबता दारापर्यंत गेली.

विनंती एवढीच की, मला कोणाच्याही नावावर चढवा, कोणत्याही यादीतून उतरवा, पण एकदा वायर लावा आणि त्या दिवशी बोळातल्या पेटीवर एक कागद चिकटवा.

सद्यःस्थिती : चौकशी अहवाल अप्राप्त. अर्ज प्रलंबित.