पुसलेलं पान

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. गेम खेळणाऱ्यांसाठी घडवलेला, अंगाने जाड आणि वजनाने भारी. मला उचलताना लोक तोंड वाकडं करतात. करू देत. माझं अंग धातूचं आहे. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं तरी लचकत नाही. आजकालची मंडळी पाहा, नुसता दिव्यांचा लखलखाट, आणि कळांवर हात टेकला की मधोमध खळगा. मी कोणाचं नाव घेत नाही. ज्याला लागायचं त्याला लागेल.

मी ज्या घरात आहे, तिथल्या लेकीचं कामच हे. गेमिंगचे नवे लॅपटॉप तिच्याकडे येत. कळा बोटांना कशा वाटतात, बांधणी किती दणकट आहे, हे ती तपासून लिही, आणि लोक ते वाचून खरेदी करत. तुलनेला एक पक्कं माप हवं म्हणून तिने मला ठेवून घेतलं. प्रत्येक नव्याला माझ्या शेजारी बसावं लागे. भलेभले माझ्यापुढे उघडे पडले.

पण खरी पारख तिच्या वडिलांची. त्यांनी एका ऑफिसात एकतीस वर्षं टाइपरायटर बडवला होता. घशातली गाठ काढली आणि त्यांचा आवाज गेला. पेन धरलं की हात थरथरे, पण कळांवर बोटं ठेवली की थरथर कुठल्या कुठे पळे. लेक म्हणे, "बाबा, दोन्हींवर एकेक पान टाइप करा. काहीही लिहा. शेवटच्या ओळीत गुण द्या."

ते लिहीत, 'कळा उथळ. बोटं फरशीवर आपटल्यासारखी. दहापैकी चार.' किंवा, 'खालून असा तापतो की घरात वेगळी इस्त्री नको.'

लेक खोखो हसे. तिची आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, भाजी निवडता निवडता म्हणे, "आवाज गेला, पण याचा खवचटपणा काही गेला नाही."

ती शेवटची ओळ वाचून झाली की लेक सगळं पुसून टाकी. यंत्र कोरं करून परत पाठवायचं असे, आणि कुरियरवाला दारात उभा. सवयीने ती मलाही पुसे. वरचं पान तिने कधी वाचलंच नाही. काहीही लिहा म्हटलं, तर काहीतरीच लिहिलं असणार, असं तिला वाटे.

वडिलांना मात्र वाटे, ती वाचते. त्यांच्या ऑफिसात साहेब पान वाचल्याशिवाय खाली ठेवत नसत. पान दिलं म्हणजे वाचलं, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून ते त्या पानांत मनातलं लिहीत. खिडकीतल्या रोपाला कळी आलीय. तू जेवताना फोन बघतेस. तुझी आई स्वप्नात आली होती. लेक त्यावर कधी काही बोलली नाही. ते समजत, दमते बिचारी, मनात ठेवते.

एके दिवशी त्यांनी माझ्यावर लिहिलं:

'चिमे, गाठ पुन्हा आलीय. हाताला लागते. डॉक्टर म्हणतात, लवकर काढली तर बरं. मला ते सगळं पुन्हा सोसवेल का, माहीत नाही. तू म्हणशील तसं. जायचं असेल तर उद्या सकाळी खुंटीवरची दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेव. नाही ठेवलीस तर मी समजेन. राग नाही.'

खाली शेवटची ओळ: 'जुना तो जुनाच. दहापैकी नऊ.'

"एक गुण कशाला कापता हो याचा?" लेक हसली. ते तिच्याकडे बघत राहिले. तिने मला पुसलं.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. दाराशी चिकटपट्टी लावलेली दोन खोकी होती. त्यांनी ती बाजूला सरकवून मागे पिशवी आहे का पाहिलं. मग येऊन माझ्यासमोर बसले.

"कुठे निघालात बाबा, एवढे नटून?"

त्यांनी टाइप केलं, 'कुठे नाही.' तेवढं तिने वाचलं.

तीन महिन्यांत ते गेले. त्यांना गाठीचं आधीपासून ठाऊक होतं, हे डॉक्टरांकडून कळलं.

"आत्या, मला एका शब्दाने सांगितलं नाही त्यांनी. इतकी परकी होते मी?"

आत्या म्हणाली, "काहीतरीच. मला तर त्याने या जुन्यावरच टाइप करून दाखवलं होतं, चिमीला सगळं यातच लिहून सांगतो मी म्हणून."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग मला उराशी धरून ती दुरुस्तीवाल्याकडे धावली. तो म्हणाला, "ताई, यावर नंतर कितीदा तरी लिहून पुसलंय. काही उरलेलं नाही."

मित्रांनो, एवढा माझा तोरा, एवढं धातूचं अंग, आणि मला एक पान धरून ठेवता आलं नाही. लेक अजून कधीतरी माझ्यावर टाइप करते, 'बाबा, काय लिहिलं होतं?' आणि पडद्याकडे बघत बसते. तिच्या पाठीमागे खुंटीवर ती पिशवी तशीच लटकतेय. माझ्या कळांना प्रत्येक अक्षर आठवतं. पण तिला सांगायला मला तोंड नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. घरच्या माणसाने काही लिहून पुढे केलं, तर नुसत्या शेवटच्या ओळीवर हसू नका. वरून वाचा. तो समोर बसलेला असतानाच वाचा.