रांजणातलं नाव

रतननं रिकाम्या रांजणात तोंड घातलं आणि दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला. नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं.

"घे की," पाठीमागून सरुबाई म्हणाली. "रांजणाला काय कान हाईत व्हय?"

"आत्याबाई, तुमी जरा भाईर जा."

"म्या कशाला जाऊ? उद्या सायबाला भाईर घालवणार हायस का?"

सासू उपड्या पाटीवर बसली होती. पाटी म्हणजे साहेबाची खुर्ची, हे सकाळीच ठरलं होतं. हातात नवऱ्यामागं राहिलेली काठी होती. म्हातारीनं आयुष्यात साहेब पाहिला तो एकच, जमीन मोजायला आलेला. पण त्याचा ताठा तिनं असा उचलला होता की खरा साहेबही तिच्यापुढं उभाच राहिला असता.

चिंचवडच्या माळावर औषधाच्या बाटल्यांचा नवा कारखाना उभा राहिला होता. बाटल्या धुवायला, निरखायला बायका हव्या होत्या. त्यांच्या तळवडे गावातून छबूबाई आदल्या हप्त्यात मुलाखतीला जाऊन आली. साहेबानं पूर्ण नाव विचारलं. आता नवऱ्याचं नाव असं उघड्या तोंडानं कसं घ्यायचं? छबूबाईनं खाली मान घालून उखाणा सुरू केला. अर्ध्यावर कारकुनाला हसू फुटलं आणि मुद्द्याचं नाव छबूबाईच्या घशातच राहिलं. "बाई, इथं रोज फाटकावर नाव सांगून आत यायचं असतं," साहेब म्हणाला, आणि तिला घरी पाठवलं. बिचारा रागावला वगैरे नव्हता. पण छबूबाई अजून पाणवठ्यावर कुणाशी धड बोलत नव्हती.

रतनला मात्र परत येऊन चालणार नव्हतं. दिवाळीत विटांची गाडी कलंडून बिरूचा पाय चाकाखाली सापडला, तेव्हापासून तो ओसरीवर बसून दोर वळत होता. जखम मिटायचं नाव घेत नव्हती. रतन सडकेवर खडी फोडायला जायची, तेही काम सरत आलं होतं. नणंदेनं भोसरीहून निरोप धाडला होता, घराला कुलूप लावा आणि इकडं या. सरुबाई लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. निरोप ऐकला त्या दिवशी ती जेवलीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी उठून तिनं अडगळीतला हा गळका रांजण बाहेर ओढला.

"पुन्यांदा," काठी आपटली. "नाव काय तुजं?"

"रतन."

"पुरं नाव?"

रतननं रांजणात मान घातली. आतला गारवा गालांना लागला. तिनं श्वास घेतला.

"बिरू," ती म्हणाली. रांजणानं तेच नाव मोठं करून घरभर फिरवलं.

"काय गं?" ओसरीवरून आवाज आला.

रतननं मान वर काढली ती थेट पदरातच लपवली. सरुबाई पोट धरून हसू लागली. बिरूनं दोर बाजूला ठेवला होता आणि दाराकडं बघत होता. लग्नापासून त्यानं तिच्या तोंडून "अवं" आणि "ऐकलं का" एवढंच ऐकलेलं. आता कानांपर्यंत लाल झालेला तो गडी उगाचच फेटा सोडून पुन्हा बांधत बसला.

"आये," तो म्हणाला, "तिला म्हनावं, ग्वाड वाटतंय."

दिवसभर मग घरात तोच खेळ. भाकरी थापताना, शेणकुटं रचताना, म्हातारी मध्येच काठी आपटायची आणि रतन उत्तर द्यायची. नाव हळूहळू जिभेवर बसू लागलं. आधी चोरून, मग पुटपुटत, मग रांजणाशिवाय. संध्याकाळी तिनं ते चुलीपुढं सरळ बसून घेतलं आणि स्वतःशीच हसली.

सकाळी बिरूला उठवेना. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि अंग तव्यासारखं तापलेलं.

रतननं फडकं भिजवून कपाळावर ठेवलं. धुतलेलं लुगडं दोरीवर तसंच होतं. उन्हं ओसरीच्या कडेला आली तरी ती हलली नाही.

"निघायची येळ झाली," सरुबाई म्हणाली.

"म्या न्हाई जात."

"का गं?"

"का म्हंजी? दिसत न्हाई तुमास्नी?" रतनचा आवाज फुटला. "नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. आईनं सांगितलं हुतं, आजीनं सांगितलं हुतं. काल दिसभर म्या तेच केलं. किती येळा घेतलं, आत्याबाई. हसत हसत घेतलं."

बिरू काहीतरी पुटपुटला, पण तिनं ऐकून घेतलं नाही. ती फडकं पुन्हा पुन्हा पिळत राहिली. सरुबाई काठी टेकत आली आणि लेकाच्या पायाशी बसली. तिनं जखमेवरचा पाला काढला, वास घेतला आणि बाजूला टाकला.

"ह्यो पाला परवापासून बदलला न्हाई," ती म्हणाली. "तुज्या-माज्या ह्या नावाच्या साळंपायी. पू धरलाय. त्यानं ताप आलाय."

"तुमी मला समजवायला म्हनताय."

अंगणात कोंबडी उकरत होती, सरुबाई तिकडं बघत राहिली. मग तिनं रतनच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"रतने, बिरूच्या बाचं नाव म्या कदी घेतलं न्हाई. जत्रंत चुकामूक झाली, तवाबी हाक मारली न्हाई. नुसती हिंडत राहिले. पटकीच्या साथीत त्ये आजारी पडले, तवा शेजारीन म्हनली, कानापाशी नाव घे, डोळे उघडत्याल. म्या न्हाई घेतलं. म्हनलं, हाय ते आयुष्य कशाला कमी करू?" ती थांबली. "तरी गेलेच की गं."

रतन तिच्या तोंडाकडं बघत राहिली. म्हातारी रडत नव्हती. लेकाच्या कपाळावर फडकं ठेवून ते नीट दाबत होती, बस्स.

"जा," ती म्हणाली. "पाल्याचं म्या बघते. सायबानं इचारलं की सांग. बिरूच्या आयुष्याला काय हुत न्हाई. झालं तर माज्यावर."

रतननं लुगडं बदललं, सासूच्या पाया पडली आणि निघाली. वेशीपर्यंत ती चालत होती. पुढं माळ लागला तशी ती पळू लागली.

कारखान्याच्या पडवीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. आत टेबलामागं साहेब आणि पुण्याहून आलेल्या इंदुताई. बायकांना बोलायला सोपं जावं म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलेलं. रतन आत गेली तेव्हा तिच्या पायांवर घोट्यापर्यंत धूळ होती आणि छाती अजून धपापत होती. पण मान खाली नव्हती.

"बसा बाई," इंदुताई म्हणाल्या. "पूर्ण नाव सांगा."

रतनला टेबल दिसेना, साहेब दिसेना. ओसरीवर तापानं पडलेला माणूस दिसला. घेऊ की नको, हे ठरवायला कुणी तिला फुरसत दिली असती, तर ती कदाचित तशीच परत फिरली असती.

"रतन बिरू कोकरे."

रांजणात घ्यायची सवय. आवाज असा खणखणीत निघाला की पडवीतली कुजबुज बंद पडली. एका बाईनं तोंडाला पदर लावला. दारातला शिपाई वळून बघू लागला. कारकून हसला नाही.

"ऐकू आलं ना?" रतननं विचारलं. "का पुन्यांदा सांगू?"

"आलं, आलं," साहेब म्हणाला आणि त्यानं टाक उचलला.

इंदुताईंनी पुढं काय काय विचारलं: नजर कशी आहे, उभं राहून काम जमेल का, घरी कोण असतं. रतननं सगळ्याला उत्तर दिलं. अवघड होतं ते सांगून झालं होतं. शेवटी साहेबानं सांगितलं, पुढल्या सोमवारपासून या. तिनं हात जोडले. बाहेर पडली तेव्हा भिंतीशी बसलेली एक तरणी पोर तिचा पदर धरून हळूच म्हणाली, "बाई, तुमी कसं घेतलं हो?"

"रांजन हाय का घरात?" रतननं विचारलं, आणि तिच्याजवळ टेकून तिला सगळं सांगितलं. मगच ती घराकडं निघाली.

वाटभर तिचं काळीज एकाच गोष्टीत अडकलं होतं. काम मिळाल्याचा आनंद करायचीसुद्धा तिला भीती वाटत होती. अंगणात पाय टाकला आणि आधी ओसरीकडं बघितलं.

बिरू भिंतीला टेकून बसला होता. पायाला नवा पाला, नवी चिंधी. तोंड उतरलेलं, पण कपाळावर घाम आला होता. ताप उतरत होता. तो पेजेच्या वाटीवरून तिच्याकडं बघून हसला.

"लागलं," ती म्हणाली. "सोमवारपासनं."

"तुज्या पुढं खबर आली. कारखान्यावरनं येनारा गाडीवान सांगून गेला. म्हनला, तुजं नाव पार फाटकापातूर ऐकू आलं."

तिला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. ती आत जायला निघाली, तर बिरूनं ओठांवर बोट ठेवलं.

आतून आवाज येत होता. घोगरा, घुमणारा. रतननं दारातून वाकून पाहिलं. सरुबाई गुडघ्यांवर बसली होती. पांढरी मान रांजणात पार आत गेलेली. काठी बाजूला पडलेली.

"गेनबा," ती म्हणत होती. थोडं थांबली, जणू ओ येतेय का बघत होती. "अवं गेनबा. सून कामाला लागली आपली."

रतन आवाज न करता मागं सरली आणि बिरूजवळ पायरीवर बसली. पाय ठणकत होते, तहान लागली होती, घागर आत होती. पण आतलं बोलणं एवढ्यात संपणार नव्हतं.