गाडीखालची कळ

नाकाला रुमाल लावू नका हो! आता मी धुतलेला आहे, उन्हात वाळवलेला आहे आणि झाशीतल्या एका अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्यांच्या डब्याशेजारी पडून आहे. बोलतोय तो मी एक व्हॉल्व्ह. कसला, ते सांगताना जीभ अडखळते. राहायच्या गाडीत संडास असतो, संडासाखाली मैला साठवायची टाकी असते आणि त्या टाकीच्या तोंडाशी मी. बंद असलो की घाण आत, उघडलो की बाहेर. सांगितलं एकदाचं!

अंगाने मी साधा. प्लास्टिकची चौकट, तिच्या खाचेत सरकणारं एक पातं, दोन्ही बाजूंना रबराची कडी आणि ओढायला एक दांडी. कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो. खोक्यातल्या अंधारात वाटायचं, आपण एखाद्या पाण्याच्या टाकीला लागू, लोक ओंजळीने पितील. कसलं काय!

मला विकत आणलं सुभाषचंद्रांनी. ते मूळचे साताऱ्याकडचे. सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून झाशीला आले आणि इथल्या जुन्या मराठी घरातल्या वसुंधराबाईंशी लग्न करून इथलेच झाले. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेची एक जुनी मिनीबस घेतली आणि आत पलंग, ओटा, देव्हारा, मोरी, संडास, सगळं स्वतः बसवलं. शेजारी म्हणायचे, "साहब सठिया गए हैं." कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

कारण होत्या वसुंधराबाई. त्यांना लघवी लागली की थोपवता येत नसे. एकदा भर बसमध्ये फजिती झाली आणि तेव्हापासून त्यांनी झाशी सोडली नाही. लग्न असो, बारसं असो, बहिणीचं घर असो, उत्तर एकच, "गुडघे दुखतात गं." खरं नाव या दुखण्याला घरातही कुणी दिलं नाही. पूर्वी प्रवासात साहेबांचं पालुपद ठरलेलं असायचं, "वसू, जरा कळ काढ. पुढे ढाबा येईल." ढाबा यायचा, पण तोवर बाईंचा चेहरा पांढराफटक झालेला असायचा.

आणि गंमत बघा, बाई मला "कळ"च म्हणायच्या. त्यांच्या माहेरी ओढायची, दाबायची, पिळायची कुठलीही वस्तू म्हणजे कळ.

"अहो, ही कळ कुठे बसणार?"

"कळ काय, कळ! व्हॉल्व्ह म्हण, व्हॉल्व्ह!" साहेब हसायचे. बाई पुन्हा कळच म्हणायच्या. मला ते नाव आवडलं होतं. घरातलं वाटायचं.

तेवढ्यात गुरसरायहून धाकट्या बहिणीचा, ताराबाईंचा फोन आला. "जिज्जी, माझ्या दिशाचा साखरपुडा आहे. आता गुडघे-बिडघे मला सांगू नकोस. तू नाही आलीस तर मी समजेन, मला बहीणच नाही." बाईंनी गाडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "येते."

सवय व्हावी म्हणून बाई अंगणातच उभ्या असलेल्या गाडीतला संडास वापरू लागल्या. आणि इथेच घोळ झाला. साहेबांनी माझ्यापासून थेट अंगणातल्या गटाराच्या टाकीपर्यंत नळी टाकली आणि मला सताड उघडं ठेवलं. "मोरीला कुठे दार असतं का? वर देव्हारा, वर चूल, आणि खाली मैला तुंबवून ठेवायचा? छे छे! आला की गेला पाहिजे." सोवळ्यातला माणूस, त्याला वाटलं हेच स्वच्छ. पण पाणी तेवढं वाहून जायचं आणि जड ते मागे राहायचं. टाकी भरू दिली असती तर सगळं एका लोंढ्यात निघून गेलं असतं. आता ते थरावर थर माझ्या खाचेत वाळत होतं. मी ओरडणार कुणाला?

निघायच्या सकाळी साहेबांनी दांडी आत ढकलली. मी अर्ध्यावर अडलो. त्यांनी मोहरीचं तेल ओतलं. इथे कुरकुरणाऱ्या दारापासून दुखऱ्या कानापर्यंत मोहरीचंच तेल! जोर लावला, मी आणखी थोडा सरकलो आणि ते म्हणाले, "बसला." कुठला बसायला! माझ्या तोंडावर बाहेरून बसवायचं टोपणही घाईत अंगणात राहिलं.

वाटेत मात्र बाईंनी लागली तेव्हा संडास वापरला. कुणाला विचारलं नाही, कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही. नंतर खिडकीशी बसून त्या गुणगुणत होत्या. मी खालून ऐकत होतो आणि देवाला म्हणत होतो, आजचा दिवस काढू दे रे बाबा.

गुरसरायला ताराबाईंच्या अंगणात गाडी लागली. मुलाकडची मंडळी आली. वाटेत ठिबकलो ते धुळीत जिरलं, पण इथे मी फरशीवर ठिबकू लागलो. थांबवू म्हटलं तर कसं थांबवू? पातंच पुरतं मिटत नव्हतं. फरशीवरून ओघळ थेट होणाऱ्या व्याह्यांच्या, रामकृष्णजींच्या चपलांपर्यंत गेला. त्यांनी नाक दाबलं. "भाईसाहब, हे पानी कसलं?"

साहेबांच्या कपाळाला घाम फुटला. इतक्या लोकांदेखत आपली कारागिरी गळतेय, हे त्यांना सहन झालं नाही. ते म्हणाले, "आमच्या हिला... ताबा राहत नाही हो. त्याचंच असेल."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाई पायरीवर पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं, गाडीत आल्या आणि दार लावून घेतलं. मी मैल्यात जगलो, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. गळत होतो मी, आणि बदनाम झाल्या त्या.

घरी आल्यावर साहेबांनी नट खोलून मला काढलं. खाच उघडी पडली, वाळका थर दिसला आणि ते तसेच ओल्या जमिनीवर बसले. मग कामाला लागले. मोठ्या तोंडाचा, धातूच्या पात्याचा नवा व्हॉल्व्ह आणला. रबराला चालणारं ग्रीस लावलं, टोपण साखळीने बांधलं. टाकी भरत आल्याशिवाय उघडायचं नाही, आणि मैला गेला की मोरीचं पाणी सोडून नळी धुवायची, हेही शिकले. मग बाईंना म्हणाले, "आता थेंब गळणार नाही. दिशाच्या लग्नाला जाऊ."

बाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गळायचं काय हो, गळतंच. पण स्वतःच्या टाकीचं झाकायला तुम्ही माझं उघडं केलंत."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला घासून धुतलं, पिशवीत घातलं आणि एकटेच बसने गुरसरायला गेले. ताराबाईंना सांगून त्यांनी रामकृष्णजींनाही बोलावून घेतलं. मग सगळ्यांपुढे मला वर धरलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! "त्या दिवशी हा गळत होता. हा मी उघडा ठेवला, मी बिघडवला. तिचा काही दोष नव्हता. मी खोटं बोललो." रामकृष्णजी खाली बघत राहिले. ताराबाई रडत फोनकडे धावल्या.

परत आल्यावर बाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, "बरं केलंत. फार उशिरा केलंत." हसल्या नाहीत. माफ केलं असं अजूनही त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

आज सकाळी मात्र त्या पैठणी नेसून गाडीत चढल्या. मी इथून, शेडच्या फटीतून बघत होतो. माझ्या जागी तो नवा चकचकीत बसलाय. त्याचा हेवा नाही वाटत. एवढंच मागणं आहे, बाबा रे, तू मीट नीट. आणि तुम्हा माणसांनाही हात जोडून सांगतो, आमची गळती दुसऱ्याच्या पदरात घालू नका.

"अहो, कळ बंद केली का?" बाईंनी विचारलं.

"केली. कळ बंद केली," साहेब म्हणाले. व्हॉल्व्ह नाही म्हणाले. गाडी सुरू केली, थांबले, आणि मागे न बघताच पुढे बोलले, "आणि वसू, लागली की सांग. कळ काढायची नाही."